अकाहान उकोरच्या नावची पात

उजाडता उजाडता घरापुढच्या पायवाटेवरून अकाहान उकोरचं तोंड चालत गेलं. एकदा नव्हे, चांगलं वीस-पंचवीस वेळा. कुणाच्या छातीवर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या डोक्याला गुंडाळलेल्या फडक्यावर. चार निवडणुकांचे चार रंगांचे शर्ट होते ते. पहिल्या निवडणुकीतला पिवळा इतका विरला होता की त्यातल्या अकाहानला नाकच उरलं नव्हतं. चौथीतला हिरवा बरा होता, त्यात अजून दात दिसत होते. त्से-उकोर गावची आणि आसपासच्या वस्त्यांवरची माणसं हे शर्ट घालून शेतात जायची. घामाला आणि चिखलाला असा कपडा दुसरा नव्हता, आणि पुन्हा फुकटचा.

ज्याचं हे तोंड, तो व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. पायात पॉलिश केलेले बूट, डोक्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची टोपी. सकाळी सकाळी असं नटून बसायची सवय राज्याच्या राजधानीतली, मकुर्डीची. तिथं आमदार निवासात उजाडल्यापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागायची. पक्षानं पाचव्या वेळी तिकीट दुसऱ्याला दिलं आणि हा सामान घेऊन गावी आला, त्याला आता तीन महिने होत होते. पहिल्या महिन्यात माणसं हळहळायला आली. दुसऱ्यात कोंबड्या चोरीला गेल्याच्या तक्रारी घेऊन आली. तिसऱ्यात कुणी आलं नाही.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "पक्षानं तिकीट कापलं, पण माणसांनी मला अंगावरून उतरवलेलं नाही."

कशिमाना कमरेला लुगडं घट्ट आवळत होती. "शर्ट हाय त्यो," ती म्हणाली. "फाटला की उतरवतील."

"तू कुठं निघालीस एवढ्या पहाटे?"

"उझेरबाबाच्या शेतावर. आज त्यांची पाळी हाय."

"आमदाराची बायको लोकांच्या शेतावर पाणी वाहायला जाते, हे दिसायला बरं दिसत नाही."

आता कुठले आमदार, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बोलली नाही. माणूस पडलेला असला की त्याला वरून ढकलू नये, एवढं तिला कळत होतं. तिनं कोपऱ्यातलं खोरं उचललं, लुगड्याच्या आड धरलं आणि पायवाटेला लागली.

त्या भागात कंद लावायचे तर आधी मातीचे कमरेइतके उंच ढीग ओढावे लागतात. पावसानं माती मऊ असते तेवढ्याच दिवसांत हे काम उरकायचं. एकदा पाऊस सरला आणि कोरडं वारं सुटलं की जमीन अशी आवळते की खोरं नुसतं खणखणतं. एकट्या घराला हे झेपत नाही, म्हणून सावड. आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या. प्रत्येक घरानं एक खोरं द्यायचं. पहाटे बांधावर पातीचा म्होरक्या उझेर उभा राहून घरोघरच्या कर्त्याचं नाव पुकारणार, ज्याचं त्यानं "हाय" म्हणायचं आणि आपली पात धरायची. मजुरी नाही. ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं, ज्वारीची आंबवलेली दारू, बुरुकुतू, पाजायची, आणि उद्या दुसऱ्याच्या बांधावर हजर व्हायचं. कुणाचं छप्पर उडालं तरी हीच पात धावायची, कुणी मेलं तर खड्डा हीच खणायची.

ढीग ओढणं पुरुषांचं काम. बायकांनी लावणी करायची, तण काढायचं. पण गेली पंधरा वर्षं उझेरच्या पातीत एक बाई होती.

अकाहान पहिल्यांदा निवडून आला त्या पावसाळ्यात त्यानं नदीपलीकडून मजूर धाडले होते. "माझी माणसं आता खोरं धरणार नाहीत," असं मोठ्या थाटात म्हणाला होता. मजुरांनी ढीग घातले, वरून छान गोल थापले आणि गेले. आत नुसतं गवत कोंबलं होतं. त्या वर्षी करंगळीएवढे कंद निघाले. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर उझेर अंगणात येऊन म्हणाला, "अकाहान मोठा झाला, चांगलं झालं. आता पातीतनं नाव काढावं म्हनतो."

"नाव ऱ्हाऊ द्या बाबा," कशिमाना म्हणाली होती. "खोरं मी आनते."

पुरुष हसले. बायका तर त्याहून जास्त हसल्या. पहिल्या दिवशी उझेरनं "अकाहान उकोर!" म्हणून हाक दिली आणि तिनं "हाय" म्हटलं, तेव्हा म्हातारा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "अकाहानचा आवाज बारीक झालाय." सगळा बांध खिदळला. संध्याकाळी तिच्या हातांची सालटी निघाली होती आणि पाठ सरळ होत नव्हती. घरी येऊन ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्या वर्षापासून पातीत तिला नावच पडलं, अकाहान.

आजही पात धरून अर्धा दिवस झाला नाही, तोच शेजारच्या ओर्तेसेनं तोंड उघडलं. "काय अकाहान, कंबर धरली वाटतं? मकुर्डीची खुर्ची बाधली का?"

"तुजं बघ तू," ती वाकल्या वाकल्या म्हणाली. "ढीग घालतोस का मांजरासाठी खड्डा करतोस?"

ओर्तेसेच्या मागचे दोघं हसले. कशिमानाचे पाय फाकलेले, कमरेत पुरती वाकलेली, खोरं दोन्ही पायांमधून मागं ओढायची. तीन-चार ओढींत ढिगाची पाळ यायची, मग दोन्ही बाजूंनी भर, मग पात्याच्या पाठीनं थाप. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला हात मोकळा नसायचा. ती नाकाच्या शेंड्यावरून तो फुंकरीनं उडवायची.

दुपारी झाडाखाली बुरुकुतूचा भोपळा फिरत असताना उझेर तिच्याजवळ येऊन बसला. सत्तरीचा माणूस, पण अजून पहिली पात त्याचीच. "आता खरा अकाहान घरी आलाय," तो म्हणाला. "त्याला सांगितलंस का?"

"न्हाई."

"का गं?"

ती गवताची काडी मोडत राहिली. तिला दोन गोष्टी वाटत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. नवऱ्यानं आपण होऊन विचारावं, असं एक वाटत होतं. आणि आपली बायको पुरुषांच्या ओळीत वाकते हे कळलं तर त्याची मान खाली जाईल, ही भीतीही होती. तीन महिन्यांत ती मान तशीही बरीच खाली गेली होती.

"सांगीन," ती म्हणाली.

"बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तुजी पाळी. आभाळ बघितलंस? सरी विरळ व्हाया लागल्यात. एकदा चुकली की पुन्हा पाळी न्हाई गावायची, ध्यानात ठेव."

पाळीच्या आधीचे दिवस तिचे चुलीशी गेले. भिजवून मोड आणलेली ज्वारी दळली, मोठ्या मडक्यांत शिजवली, गाळली, आंबायला ठेवली. सगळ्या अंगणात आंबूस वास भरला. बोकड कोणता कापायचा ते ठरलं. अकाहान खुर्चीतून हे सगळं बघत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर तरतरी आली होती, आणि कशिमानाला वाटलं, चला, घरच्या कामात जीव रमतोय याचा.

वाईट माणूस नव्हता तो. गावच्या ओढ्यावरचा पूल त्याचाच. तो होण्याआधी दर पावसाळ्यात एखादं पोर वाहून जायचं, त्यांची नावं कशिमानाला पाठ होती. पुलानंतर एकही गेलं नाही. शाळेचं छप्पर त्यानं आणलं, ते दुसऱ्या वर्षी वाऱ्यानं नेलं, त्याला तो तरी काय करणार. विजेचे खांब आणले, तारा मात्र आल्या नाहीत. आता त्या खांबांवर कंदाचे वेल चढत होते आणि इतर आधारांपेक्षा चांगले चढत होते. विधानसभेत सोळा वर्षांत तो एकदाही गैरहजर राहिला नव्हता. सचिव नाव वाचायचा आणि हा "हजर" म्हणायचा. तापानं फणफणला असतानाही अंगावर चादर घेऊन गेला होता. सभापतींनी त्याबद्दल दिलेली पितळी पाटी बैठकीच्या खोलीत दारासमोरच टांगलेली होती. आलेल्याला पाणी मिळो न मिळो, पाटी दिसायचीच.

बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवरून तेर्ना आला. हा अकाहानचा जुना खासगी सचिव. साहेबांचं तिकीट कापल्यावरही टिकलेला एकटाच. दोघं व्हरांड्यात डोकी जवळ करून बसले. कशिमाना बुरुकुतूवरचा फेस काढत होती, आणि वाऱ्याबरोबर शब्द येत होते. कापडी मांडव. कर्णा. नव्या पक्षाचे अध्यक्ष.

ती फडक्याला हात पुसत पायरीपाशी आली. "काय शिजतंय?"

"काकी, साहेबांचं नशीब पालटतंय बघा," तेर्ना म्हणाला. "नव्या पक्षाचे अध्यक्ष उद्या गाडी घेऊन येतायत. त्यांना एवढंच बघायचंय, साहेबांच्या मागं अजून माणसं येतात का. आणि उद्या तर सगळी येणारच आहेत."

कशिमानाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "उद्या सावड हाय," ती म्हणाली.

"तेच तर," अकाहान म्हणाला. "घरचीच गर्दी. मी काय खोटं बोलतोय का? माझ्या शेतावर माझी माणसं येणार. येऊन जरा ऐकतील. अर्धा तास."

"पात ऐकायला येत न्हाई. मातीत हात घालायला येते. तुमचा कर्णा वाजला तर उझेरबाबा खोरं खांद्याला लावून घरी जातील. माती सुकाय लागली. पुढल्या वर्साला काय खायचं? तुमची पाटी?"

तेर्ना उगाच मोटारसायकलकडं बघायला लागला. अकाहानचा चेहरा आवळला. "सोळा वर्षं या लोकांसाठी घासली मी. पूल कुणी बांधला? एक दिवस माझ्यासाठी आले तर काय बिघडलं?"

तुमच्यासाठी. प्रत्येक पावसाळ्याचं शेत, प्रत्येक बांध तिला डोळ्यांपुढं दिसला. सांगून टाकावं, इथंच, या पोराच्या देखत. पण तोंड उघडलं आणि तिला त्याचे डोळे दिसले. तीन महिने विझलेले डोळे नुकते कुठं पेटले होते. ती वळली.

"बरं, भाषण आधी नाही," तो मागून म्हणाला. "आधी काम होऊ दे, मग जेवताना चार शब्द. झालं?"

"जेवतानाबी नको."

"बघू," तो म्हणाला. हा त्याचा विधानसभेतला शब्द होता आणि त्याचा अर्थ तिला माहीत होता.

सकाळी धुकं होतं. ओल्या गवतातून माणसं येऊ लागली, आणि कशिमानाच्या लगेच ध्यानात आलं की काहीतरी चुकतंय. ओर्तेसे कधी गप्प येत नाही, तो गप्प होता. सगळ्यांच्या एका हातात खोरं होतं आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मिठाची पुडी आणि अकाहानचं तोंड छापलेला नवा कोरा पांढरा शर्ट. तेर्ना पहाटेपासून पुलावर खोकी मांडून बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पिशवी कोंबत होता. निवडणुकीच्या सवयीनं माणसांनी ती घेतली होती, आणि घेतल्यावर त्यांना कळलं होतं.

बांधापलीकडं मांडव उभा होता. अकाहान हातात मायक्रोफोन घेऊन प्रसन्न चेहऱ्यानं माणसं मोजत होता. रस्त्याला एक पांढरी जीप थांबलेली, आत अध्यक्ष बसलेले.

उझेर सगळ्यात शेवटी आला. त्याच्याही हातात पिशवी होती. ती त्यानं बांधावर ठेवली आणि तिच्याकडं बघत राहिला.

"हे काय?"

"आमदारांनी दिलं," कुणीतरी म्हणालं.

"खोरं मातीला लागायच्या आदी हातावर पडलं ते," उझेर म्हणाला. "म्हंजी रोज झाला हा. आपुन रोजगारी झालो." तो अकाहानकडं वळला. "मी म्हातारा रोजानं जात न्हाई रे."

अकाहान घाईघाईनं पुढं आला. "बाबा, गैरसमज होतोय. रिकाम्या हातानं कुणाला पाठवायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं. भेट आहे ही, प्रेमाची."

"असली भेट मतं मागताना देत्यात. आज काय मागतोयस?"

अकाहाननं नकळत जीपकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"रोज घेतला की फेड झाली," उझेर सावकाश म्हणाला. तो आता अकाहानशी नव्हे, कशिमानाशी बोलत होता, आणि बोलताना त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "आजची झाली, मागचीबी झाली. तुज्या घराचं आमाला काय देनं न्हाई, आमचं तुला न्हाई. असाच रिवाज हाय पोरी. म्या केलेला न्हाई."

ती सगळी वर्षं, ते सगळे बांध, एका मिठाच्या पुडीत. तिला राग आला तो फक्त नवऱ्याचा नव्हता. आपण काल बोललो नाही याचाही आला. मग तिनं कंद आणायची मोठी टोपली उचलली आणि ओळीत शिरली.

"टाक," ती ओर्तेसेला म्हणाली. त्यानं पिशवी टोपलीत टाकली. पुढचा. त्याच्या पुढचा. टोपली भरली तशी तिनं ती नेऊन नवऱ्याच्या पायापाशी ओतली. "हे तुमचं," ती म्हणाली. "मीठ जेवनात घालायचं असतं. तळहातावर न्हाई ठेवायचं."

"अगं, लोकांसमोर..."

ती उझेरकडं वळली. "बाबा, आता कुनाच्या हातात काय न्हाई. नावं पुकारा. पुकारून तर बघा."

उझेर बराच वेळ दाढी खाजवत राहिला. मग त्यानं घसा साफ केला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक "हाय" पडत गेला, कुणाचा नाखुशीचा, कुणाचा जोराचा. ज्याचं शेत त्याचं नाव शेवटी. त्याची ओ आली नाही तर पात घरी जाणार, हाही रिवाजच.

"अकाहान उकोर!"

सगळ्यांचे डोळे कशिमानाकडं गेले. शब्द तिच्या जिभेवर तयार होता. पंधरा वर्षं तो आपोआप पडत आला होता. तिनं ओठ मिटले. शेत जाईल, पुढलं वर्ष जाईल, हे सगळं तिला दिसत होतं, आणि तरी मिटले. हे नाव आज ज्याचं त्यानं उचलावं.

कर्णा घुमत होता. बोकडाच्या दाव्याचा आवाज येत होता. आणि अकाहान, ज्याचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं की गेली सोळा वर्षं एकच शब्द तोंडातून निघायचा, बोलून गेला, "हजर!"

मायक्रोफोन हातातच होता. कर्ण्यातून "हजर" सगळ्या शिवारावर पसरला.

"अकाहानचा आवाज जाड झाला की रं," उझेर म्हणाला.

बांध फुटल्यासारखी माणसं हसली. अकाहान इकडं तिकडं बघत राहिला. या हसण्यातलं त्याला काही कळेना, आणि आपल्याच शेतावर आपल्यालाच काही कळत नाही याची लाज त्याच्या तोंडावर चढत गेली.

"हजर हाईस, तर खोरं कुटं हाय?" उझेरनं विचारलं.

"खोरं? बाबा, दरवर्षी आमच्याकडून कोण येतं..." तो थांबला.

"आमचा अकाहान त्यो काय हुबा हाय," ओर्तेसे म्हणाला, आणि त्यानं हनुवटीनं कशिमानाकडं दाखवलं.

अकाहाननं बायकोकडं बघितलं. आधी तोंडाकडं, मग हातांकडं. ते हात त्यानं कितीदा बघितले होते, ताट पुढं सरकवताना, पाहुण्यांना पाणी देताना. ते असे का झाले, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. बायका म्हाताऱ्या होतात, असं वाटलं होतं. त्या हातांनी आता खोरं पुढं केलं.

"घ्या," ती म्हणाली. "पाळी आपली हाय."

जीपचं दार वाजलं. अध्यक्ष खाली उतरले होते. "ऑनरेबल," त्यांनी तिथूनच हाक दिली, "सुरू करायचं ना?"

अकाहाननं मायक्रोफोन तेर्नाच्या हातात दिला. बांधावर बसला, बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, पँट गुडघ्यांवर गुंडाळली. टोपी कुठं ठेवावी कळेना, ती कशिमानानं घेतली. खोरं उचललं तेव्हा पकड बरोबर होती. तरुणपणी या शिवारात त्याच्यासारखे ढीग कुणी ओढत नसे, हे उझेरला आठवत होतं आणि कशिमानालाही. त्याच ढिगांवरून तर तिनं त्याला पसंत केला होता.

पहिले काही ढीग त्याचे झकास झाले. मग पोट आडवं यायला लागलं. मग श्वास. उन्हं वर आली तेव्हा दोन्ही बाजूंच्या पाती पुढं निघून गेल्या होत्या आणि अकाहान मधल्या न ओढलेल्या तुकड्यात एकटा राहिला होता. मागं पडणाऱ्याभोवती पातीनं गोळा व्हायचं आणि तो बाहेर येईस्तोवर दगडानं खोऱ्यांची पाती वाजवायची, ही तिथली रीत. ती त्यांनी पाळली. खणखणाट सुरू झाला. "आमदार, ठराव मांडा!" ओर्तेसे ओरडला. "तहकूब करा म्हनावं!" दुसरा ओरडला.

कशिमाना उखळापाशी मुसळ हातात धरून उभी होती. त्याच्या मानेच्या शिरा तिला दिसत होत्या. धावत जावं, दोन ढीग आपण ओढावेत, असं तिला फार वाटलं. पण ती गेली नाही. त्यांनी त्याची कीव केली असती तर तो पाहुणा ठरला असता. ते त्याला छळत होते, म्हणजे आपल्यातला धरत होते. तिला त्याची दया येत होती आणि आत कुठंतरी बरंही वाटत होतं, आणि या दोन्हींची तिला लाज वाटली नाही.

अध्यक्षांनी मांडवात बसून कुटलेला कंद आणि भेंडीचं कालवण खाल्लं, बोकडाचे दोन तुकडे खाल्ले. "माणसं भरपूर आहेत," ते तेर्नाला हात धुता धुता म्हणाले. "पण आपला माणूस यात कुठं दिसत नाही." जीप गेली. तेर्नानं कर्णा उतरवला, आणि मग त्याला काय सुचलं कोण जाणे, शर्ट काढून तोही माती ओढायला लागला.

दिवस कलताना शेत भरलं. ओळीनं ढीगच ढीग. त्यातले अकाहानचे ओळखू येत होते, सुरुवातीचे उंच आणि पुढं पुढं बुटके होत गेलेले. माणसं बुरुकुतू पिऊन गेली. जाताना पांढऱ्या शर्टांकडं कुणी कुणी बघितलं, पण घेतला नाही कुणी.

तिन्हीसांजेला कशिमाना त्याच्या हातांना तेल चोळत होती. तळहातांवर फोड आले होते, दोन फुटले होते.

"का सांगितलं नाहीस मला?" तो म्हणाला.

"तुमी दरसाल इचारायचा, शेत झालं का. मी म्हनायची, झालं. कुनी केलं, हे कवा इचारलंच न्हाई."

त्यानं मान वळवली. खिडकीतून पितळी पाटीची कड चमकत होती. "मला वाटायचं," तो म्हणाला, "मी तिथं तुमच्या सगळ्यांच्या वतीनं बसतोय."

"बसलात की. पूल झाला, पोरं वाचली. ते मी कवा नाकबूल केलं?" तिनं दुसरा हात ओढून घेतला. "पर हितं तुमच्या वतीनं मी हुबी व्हते. त्येबी धरा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेल झोंबतंय, असं तो म्हणाला, आणि तिनं ते खरं मानून फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी ओर्तेसेची पाळी होती. कशिमाना उठली तेव्हा व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. अकाहान अंगणात उभा होता, जुन्या पिवळ्या शर्टाच्या चिंध्या तळहातांना बांधून. कंबर वाकडी झाली होती, पण पायांत बूट नव्हते. छपरातून त्यानं आपल्या बापाचं खोरं काढलं होतं. दोघं पायवाटेनं गेले, ती पुढं आणि तो मागं.

बांधावर धुक्यात माणसं उभी होती. उझेरनं नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक "हाय" पडत गेला. मग तो जरा थांबला, आणि त्यानं हाक दिली, "कशिमाना!"

कुणी ओ दिली नाही. ती नेहमीसारखी अकाहानच्या नावाची वाट बघत उभी होती. सगळी माणसं तिच्याकडं बघायला लागली, तरी तिला उमगेना.

"अगं," अकाहान हळूच म्हणाला, "तुजं नाव घेतलं त्यांनी."

"हाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिनं पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हटलं, "हाय!"

या वेळी कुणी हसलं नाही. उरलेली नावं झाली. माणसं पाती धरायला निघाली. अकाहान खोरं घेऊन तिथंच उभा होता.

"बाबा," तो म्हणाला, "माजं नाव न्हाई घेतलं?"

"तुजं लई वर्सं घेतलं," उझेर म्हणाला. "आता हिचं घेऊ दे."

"मग मी कुटं ऱ्हाऊ?"

"तू नवा. शेवटाला हुबा ऱ्हा. टिकलास तर पुढल्या पावसाळ्यात बघू."

अकाहाननं खोरं खांद्यावर टाकलं. पुढं वाकलेल्या पाठींवरून त्याचीच तोंडं त्याच्याकडं बघत होती, पिवळी, हिरवी, नाक नसलेली. त्यांच्या मागून चालत तो ओळीच्या शेवटाला जाऊन उभा राहिला आणि मातीत वाकला.